गोरक्षने हाकललेला अडत्या

मखमलाबादचा गोरक्ष पिंगळे झेंडू पिकवतो, आणि फावल्या वेळात चांगल्या चालणाऱ्या वस्तूंमधले भाग काढतो. विहिरीच्या मोटारीला जपणारा ऑटो स्विच काढून ती 'डायरेक्ट' केली, मोटार जळाली. गोरक्ष म्हणाला, "कंपनीचा मालच हलका."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिकअप धक्क्यावर सुरू झाली. मागे झेंडूचे पन्नास कॅरेट. दुपारपर्यंत बाजारात पोचले नाहीत तर परवापासून ते गुरांपुढे टाकायचे. अशा वेळी गोरक्षने बॉनेट उघडलं.

"काय उपटताय?" उज्वलाने, त्याच्या बायकोने विचारलं.

"रेग्युलेटर. आल्टरनेटर करंट पिकवतो, बॅटरी खाते. मधी हा अडत्या कशाला? कट खातो नुसता."

"अहो, रविराजभाऊंना फोन करून विचारा तरी."

"त्याचं दुकान चालायला नको का? तो नवीनच बसवणार."

त्याने वायर थेट जोडली, गाडी रेस केली आणि भर उन्हात हेडलाइट लावले. पांढरेफेक. "बघ, लग्नाचा मांडव."

पेठ नाक्याच्या अलीकडे मांडवातले दोन्ही दिवे गेले. मग हॉर्न. मग सडक्या अंड्यांचा वास, आणि गाडी बंद.

इलेक्ट्रिशियन रविराज स्कूटरवर आला. बॅटरी फुगलेली, पाणी उकळून बाहेर आलेलं. त्याने गोरक्षची जोडणी पाहिली, मान हलवली.

"दादा, अठरा व्होल्टच्या वर गेलं असणार. रेग्युलेटर काही खात नाही. बॅटरी उतरली की आल्टरनेटरला जोर लावू देतो, चौदाच्या आसपास भरली की आवरतो. गाडी कितीही पळवा. पाटाचं पाणी सोडणारा-अडवणारा पाटकरी असतो तो. तुम्ही पाटकरी हाकलला आणि दार उघडं टाकलं. वाफा वाहून गेला."

"मग कंपनीनं तसं लिहायला पायजे."

"लिहिलेलं असतं. पुस्तक कुठंय?"

"सीटखाली. लय तेलकट झालंय."

"दुरुस्तीला किती वेळ?" उज्वलाने विचारलं.

"तीन तास, वहिनी."

ती रस्त्यात उभी राहिली. मेथी उतरवून परत निघालेला एक टेम्पो तिने थांबवला, माघारी वळवला आणि कॅरेट चढवायला लागली.

"भाव कोण करणार?" गोरक्षने विचारलं.

"मी. तुम्ही गाडीपाशी बसा. कशाला हात लावू नका."

तीन वाजता तिकडे बाजारात तिचा शेवटचा कॅरेट उठला. त्या वेळी गोरक्ष रविराजच्या डोक्याशी वाकून विचारत होता, "नवा रेग्युलेटर जरा ढिला ठेवता येतो का? सोळापर्यंत?"