फ्लेक्सवरचं पाणी

केनवडच्या स्टँडवर माझा फोटो लागला तेव्हा मी पुण्यात होते. फोटोखाली लिहिलेलं, 'दूरच्या ग्रहावर पाणी शोधणाऱ्या गावच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन.' बाबा वाशीमच्या कोर्टातून बेलीफ म्हणून रिटायर झालेले. मी फोनवर सांगितलं काय, आणि यांनी लगेच फ्लेक्स छापून आणला. मला विचारायची गरज त्यांना कशाला वाटावी?

सांगितलं ते खोटं नव्हतं. दुर्बिणीत त्या ग्रहाचा उजेड येतो, त्यातले कुठले रंग कमी पडले यावरून तिथल्या हवेत काय आहे ते काढायचं, हे माझं काम. पाण्याची वाफ भरपूर निघाली होती. पण त्या गणितात हवा वर वर जाताना किती थंड होते, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला बरेच जण तसंच करतात, सोपं पडतं. मला मात्र चैन पडेना. जिथं कोणी गेलं नाही तिथलं तापमान ठरवणारी मी कोण? शेवटी प्रत्येक थराचं तापमान मोकळं सोडलं आणि कॉम्प्युटरला म्हटलं, आता तूच शोध.

एक उत्तर आलंच नाही. वाफ भरपूर धरा नाहीतर नावापुरती धरा, थरांचं तापमान जरा इकडंतिकडं केलं की दोन्ही उत्तरं त्याच उजेडाशी जुळत होती. माझ्या पीएचडीच्या गाइड म्हणाल्या, पहिलं उत्तर छापलंस तरी कोणी बोट ठेवणार नाही. मी म्हटलं, मी ठेवीन. तिरसटच आहे मी, पहिल्यापासून.

गावी आले. एसटीतून उतरते न उतरते तर एक काका म्हणाले, "काय बाई, तिथं बोअर किती फुटावर लागते?" हसू आलं, पण टिकलं नाही. बाबा ज्या शब्दावर गावभर मिरवत होते, तोच मला परत घ्यायचा होता.

चहा व्हायच्या आत सांगून टाकलं.

"म्हंजे पाणी हाये का नाई?" बाबांनी विचारलं.

"आहे की नाही, किती आहे, आज छातीठोक सांगता येत नाही."

"हे कोणं पकडलं?"

"कोणी नाही. मीच."

"अन् तू बोलली नसती तं?"

"कोणाला कळलं नसतं."

ते चपला घालून निघाले. मी मागोमाग गेले. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर नेहमीची मंडळी बसली होती. बाबांनी उभ्याउभ्याच सांगितलं की पाण्याचं अजून पक्कं नाही, पोरीनं सोताच तपासलं अन् सोताच सांगितलं.

"मंग फ्लेक्स उतरवा लागन," कोणीतरी हसलं.

"पाण्याची ओळ खोडतो. फोटो राह्यते."

"काहून? शोधलं काय मंग तिनं?"

बाबांचा आवाज जरा चढला. "जिंदगी कोर्टात गेली माही. जिंकत आलेली केस सोताच्या तोंडानं सोडणारा माणूस मले तिथं एक नाई दिसला. तो माह्या घरात निंगाला."