बांगड्याचा डोळा आणि माझा

मासे मीच आणणार, हा कायदा मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात करून टाकला. मी मालवणकडचा. बांगड्याचे कल्ले उचलून लाली बघायची, डोळा चकचकीत आहे की पांढुरका ते तपासायचं, हे बायकोला काय जमणार?

मग बोरिवलीच्या बाजाराचा दर्जा घसरला. सगळेच मासे मळकट दिसू लागले. मी बाजारातल्या दिव्यांना दोष दिला, महापालिकेला तर दिलाच. दोनदा चष्मा बदलून चष्मेवाल्याला झापलं. एकदा नेहमीच्या कोळणीवर ओरडलो, "डोळा बघ याचा, पांढरा पडलाय!"

ती म्हणाली, "काका, त्याचा डोळा काचेवानी हाय. तुमचाच दाखवा कुनाला तरी."

शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता. मी कोळीण बदलली. कोपऱ्यावरची माझ्या निवडीची फार तारीफ करायची. मासे ओट्यावर टाकून मी अंघोळीला जायचो आणि जेवताना स्वतःचीच पाठ थोपटायचो.

वर्षभराने जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, आपटलो, तेव्हा बायकोने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, काका. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ झालंय. चष्मा कितीही बदलला तरी सगळं धुरकट, पिवळटच दिसणार." गढूळ भिंग काढून त्यांनी नवं बसवलं. घराची भिंत एकदम पांढरीशुभ्र निघाली. पिवळट रंगवली म्हणून मी रंगाऱ्याशी कडाकडा भांडलो होतो.

महिन्याभराने ऐटीत जुन्या कोळणीकडे गेलो. बांगडे निवडले.

"आता काकू येनार नाय ना परत?" ती म्हणाली. "वर्सभर तुमी कोपऱ्यावरनं शिळं न्यायचात. काकू ते मांजरांना घालायच्या नि माझ्याकडनं ताजं न्यायच्या."

माझ्या अंघोळीच्या वेळात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर अंघोळीला गेलो नाही. पिशवी बायकोपुढे ठेवली. "बघ गं, चालतील का?"

तिने कल्ले उचलले, डोळे पाहिले, दोन बांगडे बाजूला काढले.

"वर्षभर मला कळूसुद्धा दिलं नाहीस?" मी विचारलं.

"वर्षभर?" सुरी घेत ती म्हणाली. "अहो, लग्न झाल्यापासून जातेय मी."