व्यंकटरावांचा डावा हात

ईट गावात मोठ्या आवाजाचा दुष्काळ कधीच नव्हता. देवळावर कर्णा होता, भंगारवाल्याच्या टेम्पोवर रेकॉर्ड होती, आणि लग्नसराईत तर घराघरांतल्या मांडणीवरच्या ताटल्या आपोआप नाचायच्या. पण आपल्याच घरात, आपल्याच पैशानं, खुर्चीत बसून ऐकायला कुणी मोठे स्पीकर घेतं, हे गावानं पाहिलं नव्हतं. त्यामुळं उत्तरेश्वर तात्या स्पीकर शोधतायत असं कळल्यावर गावानं दोनच अर्थ काढले. एक तर तात्या डीजेच्या धंद्यात उतरणार, नाहीतर जन्मभर एसटी चालवून त्यांचे कान गेले.

कान ठणठणीत होते. अडचण निराळीच होती. तात्यांचे वडील व्यंकटराव गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एका सप्ताहात कुणीतरी त्यांच्या मांडीलगत टेपरेकॉर्डर ठेवून अख्खं कीर्तन भरून घेतलं होतं. व्यंकटराव गेले, कॅसेट ट्रंकेत राहिली, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं, अर्पितानं, ती मोबाइलवर चढवून दिली. तात्यांनी मोठ्या भक्तिभावानं फोन कानाला लावला. टाळ ऐकू आले, बुवांचा अभंग ऐकू आला, पखवाजाच्या उजव्या तोंडाची टिकटिक ऐकू आली. डावं तोंड मात्र गप्प.

आता आली का पंचाईत! दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, डाव्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती, हे तात्या जन्मभर सांगत आले होते. डाव्या तोंडाला ओली कणीक थापून दादा थाप मारायचे, तेव्हा छातीत घुमायचं. या कीर्तनाला तर तात्या स्वतः हजर होते, शाळकरी वयात, अगदी पुढं बसून. म्हणजे दोष फोनचाच.

"मोबाइलला पोट आसतंय व्हय? पोट नसल्यावर घुमार कुठनं यायचा?" असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि मग त्या सिद्धांतापायी जिल्हा पालथा घातला. अर्पितानं हौसेनं एक छोटा स्पीकर पाठवला. तात्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला आणि तिला फोन केला, "बाई, तांब्यातनं विहिरीचा आवाज कसा यील गं?" धाराशिवच्या दुकानात उंच, सडपातळ स्पीकर होते. दुकानदारानं सिनेमातलं गाणं लावलं, तर जमीन हादरली. तात्यांनी घाईघाईत आपलं कीर्तन मधूनच लावलं, तर पुन्हा टिकटिक. या स्पीकरांना फक्त सिनेमाचंच कळतं, असा शेरा मारून तात्या बाहेर पडले. सोलापुरात हवी तशी जोडी दिसली, पण किंमत सांगताना दुकानदारानंच आवाज खाली आणला.

"अवो, तुळजापूरला देवीला जाताव म्हून निघताव आन् खोकी बघत हिंडताव," दैवशालाकाकू म्हणाल्या. नवऱ्याच्या या खुळात त्यांनी उपासापुरताच भाग घेतला होता, म्हणजे तात्या घरी नसले की स्वयंपाक करायचा नाही.

शेवटी गावातच घबाड सापडलं. रणधीरनं आपला 'तुफान साउंड' मोडीत काढला होता. लोकांना आता ट्रकभर स्पीकरची भिंत लागते, त्याच्या दोन खोक्यांना कुणी विचारीना. खोकी म्हणजे कपाटंच.

"भाड्यानं देनार का, तात्या?" रणधीरनं विचारलं.

"न्हाय. ऐकनार."

"कोन?"

"म्या."

रणधीर त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं किंमत आणखी उतरवली आणि अँप्लिफायर वरून दिला. त्याला तात्यांची कीव आली होती, पण तात्या त्याला सौदा म्हणत राहिले.

खोकी आत आली तेव्हा पलंग अंगणात गेला. काकूंनी दोन्ही खोक्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. वायरी जोडायच्या आत शेजारचे कोंडीराम हजर. ते भजनी मंडळातले जुने टाळकरी.

"तात्या, परवा आमच्या पोरीची हळद हाय. शुभ वस्तू घरात आलीया, शुभ कार्याला न्हाय म्हनू नका."

मोठं पातेलं, मोठी सतरंजी आणि मोठं काहीही ज्याच्या घरी असेल, त्यानं गावच्या कार्याला नाही म्हणायचं नसतं. खोकी आल्या पावली कोंडीरामच्या मांडवात गेली. पाठोपाठ तात्याही गेले आणि ज्या गाण्यांना आयुष्यभर नाकं मुरडली, ती रात्र होईपर्यंत खोक्यावर हात ठेवून ऐकत बसले. छातीत घुमत होतं. "पोट हाय," ते समाधानानं म्हणाले. कोंडीरामला वाटलं तात्यांना भूक लागली, त्यांनी बुंदीचं ताट पाठवून दिलं.

खोकी परत आली, अंगावर हळदीचे पंजे घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. इतके महिने दादांचा डावा हात ऐकवतो म्हणून सांगितल्यावर अर्धी गल्ली येणारच. कोंडीराम पुढं बसले. तात्यांनी फोनला वायर खुपसली.

टाळांनी घर भरलं. पत्र्यावरची धूळ खाली आली. आणि मग धूम्! तात्यांनी सगळ्यांकडं मान वळवून पाहिलं. पुन्हा धूम्. मांडीवर ठेका धरलेला कोंडीरामचा हात मात्र हवेतच थांबला. थाप पडली होती, पण तिथं ती पडायलाच नको होती.

टाळांच्या आडून बुवांचा दबका आवाज आला, फोनमध्ये कधीच न ऐकलेला. "व्यंकटराव, डावा हात आवरा. ठेका सुटतोय. नुसतं उजव्यानं वाजवा."

त्यावर दादांचा आवाज. "बुवा, पोरगं म्होरं बसलंय माझं."

"मग हात हलवा. पन थाप मारू नका."

पुढं शेवटपर्यंत टिकटिक. फोनमध्ये होती तीच, फक्त घराएवढी मोठी.

धाराशिवचा दुकानदार, लेकीचा तांब्याएवढा स्पीकर, बिचारा मोबाइल, सगळे एका दमात निर्दोष सुटले होते. तात्यांचे कान लाल झाले. अशी लाज त्यांना अख्ख्या नोकरीत वाटली नव्हती.

कोंडीराम खाकरले. "मशीनमदी कायतरी बिघाड आसंल, तात्या."

तात्यांना ती रात्र आठवत होती. दादांचा डावा हात उंच जात होता, खाली येत होता. दादा त्यांच्याकडं बघून हसत होते. हात दादांनी हलवला होता, घुमार पोरानं आपल्या मनानं घातला होता आणि आजवर छातीत जपला होता. तात्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"न्हाय," ते म्हणाले, "मशीन लई चांगलं हाय."

त्यांनी कीर्तन पुन्हा पहिल्यापासून लावलं. धूम्.

काकू आतून आल्या, पदराला हात पुसत. "आला का मामंजींचा डावा हात?"

"आला. जागा चुकली, पन आला," तात्या म्हणाले आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला.