चोचा लुसीलची तीन मिनिटं

स्वादुपिंडाचा कर्करोग होऊन पाच वर्षं जगलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का? नाव सांगा. ‘असेल कुणीतरी’ चालणार नाही.

या रोगाच्या संशोधनासाठी पैसा मागण्याच्या कामात अकरा वर्षं काढून मला तिघं माहीत आहेत. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या बायका बसगाड्या भरभरून वॉशिंग्टनला सरकारकडे जातात. जावंच त्यांनी. भांडून संशोधनाला पैसा आणला, म्हणून तर आज आहेत. आमच्या बसमध्ये माणसांपेक्षा गेलेल्यांचे फोटो जास्त. ज्यानं भांडायचं तोच वर्षभरात जातो. मग पैसा मागणार कोण? आणि पैसा नाही म्हणून पुढचाही जातो. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. याच रोगानं भाऊ गेला तेव्हा मी शहराच्या बसगाड्या धूत होते. वाचनालयात बसून शिकले.

लुसील गोर्चित्साला बफेलो शहराच्या आमच्या पूर्व भागात सगळे चोचा म्हणायचे. पोलिश घरांत मावशीला चोचा म्हणतात, आणि ही अख्ख्या वस्तीची मावशी. तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात होती. चर्चच्या हॉलात मांसाची सोडत असली की नंबरांचं चाक तीच फिरवायची. कुणाचं घर जळो, कुणाचं ऑपरेशन निघो, पैसा जमवायला आमच्याकडे सोडत लागायचीच. आपापला खाऊ नि बीअर घेऊन या, तिकिटं घ्या, नंबर लागला की बेकनचा गठ्ठा घरी न्या. चोचाला माइक लागत नसे.

“एकोणीस! ए रिचर्ड, झोपलास का? बरगड्या उचल आणि सरळ बायकोच्या हातात दे, तू करपवशील!”

सप्टेंबरात तिचे डोळे पिवळे झाले. निदान झालं त्याच आठवड्यात ती माझ्या दारात उभी.

“गेल, तू वॉशिंग्टनला जाऊन ओरडतेस ना? मला ने. बाकीचं सामान बिघडलंय, आवाज शाबूत आहे.”

पत्रांवर पत्रं पाडून, फोनवर दोघातिघांशी भांडून मी तिला संशोधनाचा पैसा ठरवणाऱ्या खासदारांच्या समितीपुढे वेळ मिळवून दिली. मार्च महिना, तीन मिनिटं. समितीपुढे बोलणाऱ्या आमच्या माणसांच्या यादीत पहिल्यांदाच जिवंत रोग्याचं नाव होतं. मी गावभर सांगत सुटले. भाषणही मीच लिहिलं, आकडे आणि तक्ते घालून.

तिनं वाचलं. “यात मी कुठे आहे गं?”

“शेवटच्या ओळीत.”

“म्हणजे ताटातलं लोणचं.” हसली, आणि कागद पर्समध्ये ठेवला.

नोव्हेंबरात सोडत लागली ती तिच्यासाठी. रिवाजानं पैसा रोग्याच्या घरी जातो. ती अडून बसली, संशोधनाला द्या म्हणाली. त्या दिवशी आमच्या खासदारबाई आल्या होत्या, त्याच समितीतल्या. पिएरोगीची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, बशी हातात घेऊन टेबलाटेबलावरून फिरत होत्या. केमोनं चोचाचा कोट अंगावर लोंबत होता, पण चाकावर हात ठेवून तिनं हाक मारली ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

“खासदारबाई, थांबा जरा! मला तुम्हाला काही सांगायचंय.”

मी धावत जाऊन तिचं कोपर धरलं.

“इथे नको. सॉसेजच्या ढिगापुढे कोण मनावर घेणार? तिथे बोल, नोंदीत येईल.”

“मार्च लांब आहे गं.”

“तोवर दम राख.”

ताटात भाजी टाकून उठणाऱ्या पोराकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग चाक फिरवलं.

“सांगायचं म्हणजे तिकीट घ्या, बाई! इथे फुकट काही मिळत नाही!”

हॉल हसला. मीही हसले.

माझा भाऊ निदानानंतर चौदा आठवडे जगला होता. इतर रोगांसारखी इतकी पुढची तारीख या रोगात घेऊ नये, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी घेतली, आणि मिरवली.

नऊ जानेवारीला चोचा गेली. मार्चमध्ये तिची तीन मिनिटं मी वाचली. एकही आकडा चुकला नाही. संपल्यावर खासदारबाईंनी चष्मा काढला.

“नोव्हेंबरात त्या मला काहीतरी सांगणार होत्या. काय होतं ते?”

माझ्याकडे चार पानं तक्ते होते. तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “माहीत नाही.” दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं.

तुमच्या घरात, शेजारी असा कुणी रोगी असेल तर आज त्याच्याजवळ बसा. काय सांगायचंय विचारा, मध्ये बोलू नका, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि तुमच्या खासदाराला आजच फोन लावून ते ऐकवा.