दाजींचं फुकटचं तिकीट

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी पाणी प्यायला मला किळस येते. पाणी चांगलं असतं, भांडंही लखलखीत घासलेलं असतं. पण त्या स्टीलच्या जगवर अळी मारायच्या औषधाचं नाव कोरलेलं आहे आणि नावाखाली एक उताणी पडलेली अळी आहे. पंचवीस वर्षं मी त्या घरात जातोय आणि प्रत्येक वेळी घोट घेताना ती अळी नाकासमोर येते.

तो जग दाजींना फुकट मिळालाय. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान राधेश्याम, कुंभार पिंपळगावचे कृषी सेवा केंद्रवाले. बियाणं, खत, औषध, सगळं ठेवतात. माणूस गरीब नाही हो. दुकान चालतं, दुमजली घर आहे, पंधरा एकर बागायत आहे. पण या माणसाने जन्मात स्वतःच्या पैशाने घड्याळ घेतलेलं नाही. भिंतीवर चार कंपन्यांची चार घड्याळं आहेत आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवतात. छत्री कंपनीची, जर्किन कंपनीचं. उशीच्या अभ्र्यावर कापसाचं बोंड आणि तक्रारीचा फोन नंबर. माझी बहीण दैवशाला त्या नंबरावर डोकं ठेवून झोपते. माझ्या भाचीच्या, अर्पिताच्या लग्नात पाहुण्यांना नारळ दिले ते तणनाशकाची जाहिरात छापलेल्या पिशव्यांत घालून. वरमाईने पिशवी डोळ्यांसमोर धरून पूर्ण वाचली आणि मग माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी मात्र खुशीत होते. "आठशे पिशव्यांचा खर्चा वाचला, हरिओम," म्हणाले.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांना सांगतो. कंपनी दुकानदाराला सरळ भाव कमी करून माल देत नाही, स्कीम देते. एवढ्या पेट्या उचला, मिक्सर घ्या. एवढ्या उचला, सोन्याचं नाणं घ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर परदेशाची सहल. मग दुकानदार पायरी गाठण्यासाठी माल उचलतो आणि तो कुणाच्या तरी गळ्यात मारतो. एकदा कडूबा नावाचं गिऱ्हाईक कपाशीच्या बियाण्याच्या दोन पिशव्या न्यायला आलं आणि जाताना वाढीच्या टॉनिकच्या सहा बाटल्या घेऊन गेलं.

"हे कशापायी, शेठ?" कडूबाने विचारलं होतं.

"पुढच्या हप्त्यात फवार. बिलकुल चुकू नको," दाजी म्हणाले.

टॉनिकची गरज कडूबाच्या कपाशीला नव्हती, दाजींच्या पायरीला होती. मी गल्ल्याशेजारी बसून चहा पीत होतो. मी काही बोललो नाही, कारण चहा दाजींचा होता.

एवढं करूनही पायरी हुकायला लागली तर दाजींचा एक हातखंडा डाव होता. हंगामाच्या तोंडावर नुसतं बिल फाडून माल गोदामात घ्यायचा, बक्षीस पदरात पाडून घ्यायचं आणि दोन महिन्यांनी तोच माल न उघडता परत पाठवायचा. त्यांची कंपनी उचल मोजायची, वापसी मोजायची नाही. हे सांगताना दाजी ओठांवरून जीभ फिरवायचे. मला ते बघवायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी याच डावावर त्यांनी थायलंडची सहल मिळवली. दोघांची होती. दुसरा माणूस मी होतो. ते मी मागाहून सांगतो, कारण ते सांगायची मला लाज वाटते.

तर अर्पिता. दोन वर्षांपूर्वी ती निखिलबरोबर, म्हणजे नवऱ्याबरोबर, कॅनडाला गेली. एका रविवारी मी बदनापूरहून बहिणीकडे आलेलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कारकून आहे. फॉर्म, अर्ज, अटी म्हटलं की पोरगी आधी मला विचारते.

"मामा, इथं नव्या माणसाला कार्डाशिवाय पतच नसते," ती म्हणाली. "घर भाड्यानं द्यायलाही मागचं रेकॉर्ड बघतात. आधी साधं कार्ड घ्यायचं, दर महिन्याला सगळंच्या सगळं बिल वेळेवर भरायचं, तेव्हा कुठं वर्षभरानं बँक विचारते. आता आम्हाला तीन कार्डं दाखवलीत."

तिने वही काढली. पहिल्या कार्डाला फी नव्हती, प्रत्येक खरेदीवर थोडे पैसे खात्यात परत यायचे. दुसऱ्यावर किराणा दुकानाचे पॉइंट मिळायचे, पण ते फक्त त्याच दुकानात चालायचे. तिसऱ्याला वर्षाची दीडशे डॉलर फी होती. मात्र पहिल्या तीन महिन्यांत चार हजार डॉलरची खरेदी केली तर विमानाच्या एका तिकिटाएवढे पॉइंट एकदम मिळायचे.

"घरभाडं कार्डावर जात न्हाई," अर्पिता म्हणाली. "किराणा, बसचा पास, फोन धरून आमचे तीन महिन्यांचे अडीच हजार होतात. म्हणून मी पहिलं घेते. थोडं मिळंल, पण जे घ्यायचंच आहे त्यावर मिळंल."

इतकं नेमकं कुणी बोललेलं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "एकदम बराबर. पहिलंच घे."

पण 'एक तिकीट' हे दोन शब्द दाजींच्या कानात शिरले होते. अर्पिताला तेव्हा चौथा महिना सुरू होता. जानेवारीअखेरची तारीख होती आणि बाळंतपणाला आईने यावं, एवढंच तिचं मागणं होतं. दैवशालाचा नवा पासपोर्ट आला होता, व्हिसाही आला होता. राहिलं होतं तिकीट. दाजींनी ते गल्ल्यातून पैसे काढून घ्यायला हवं होतं.

"येडी का खुळी तू?" दाजींनी फोन ओढून घेतला. "पाच-धा रुपये वापस घिऊन काय करती? तिसरं घे. तुझ्या मायचं तिकीट फुकट निघतंय."

"पप्पा, दीड हजार डॉलरचा जास्तीचा खर्च कुठून करू?"

"करू नकोस ना. महाग सामान घे, टारगेट भर, अन् मंग वापस करून टाक. मी सारी जिंदगी हेच करून राह्यलो."

"पण अटीत काय लिहिलंय ते पाहू द्या," मी म्हणालो.

"तू गप रे. अटी लिहिणाऱ्याला बी टारगेट असतं."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी त्या अळीच्या जगकडे बघितलं. शेवटी तिने तिसरं कार्ड घेतलं, बापाचं मन राखायला आणि आई येईल म्हणून. त्यानंतर दर रविवारी दाजी फोनवर आकडा विचारायचे. पोरगी जेवली का, उलट्या थांबल्या का, हे आई विचारायची. हे विचारायचे, "किती झालं?" मला अक्षरशः शिसारी यायची. पोटुशी पोर कंबर धरून बोलतेय आणि बाप तिच्याशी दुकानाच्या सेल्समनसारखा बोलतोय.

नोव्हेंबर संपत आला तरी तेराशे डॉलर कमी पडत होते. दाजींच्या सांगण्यावरून अर्पिता आणि निखिलने तेराशेचा टीव्ही घेतला. टारगेट भरलं त्या दिवशी दाजींनी दुकानात पेढे वाटले. आणि डिसेंबरात, बर्फात, सातव्या-आठव्या महिन्याचं पोट घेऊन अर्पिता निखिलबरोबर तो टीव्ही परत करायला गेली.

"मामा, काउंटरवरच्या बाईनं काहीच विचारलं न्हाई," ती मला म्हणाली. "खोकं उघडलेलं न्हाई म्हणाली, पैसे कार्डावर परत टाकले. फक्त माझ्या पोटाकडं बघितलं. मला इतकी लाज वाटली, की मी बाहेर येऊन रडले."

ती बँक दाजींची बियाण्याची कंपनी नव्हती. तिच्या अटीत स्वच्छ लिहिलेलं होतं, परत केलेली वस्तू खरेदीतून वजा. चार हजाराचे सत्तावीसशे झाले. पॉइंट आले नाहीत. दीडशे डॉलर फी मात्र पहिल्याच बिलात कापून झाली होती. पहिलं कार्ड घेतलं असतं तर तेवढ्याच किराण्यावर तिच्या खात्यात चार पैसे जमा झाले असते आणि लाज वाटायचं काही कारण नसतं.

मला वाटलं, आता तरी दाजी तिकीट काढतील. दर वाढलेले होते, एक लाख चाळीस हजार पडत होते. तेवढी तर त्यांच्या दुकानाची एका दिवसाची उलाढाल होते हंगामात. पण ते हिरमुसले, चिडले आणि हट्टाला पेटले. जे फुकट मिळणार होतं त्याला पैसे मोजणं म्हणजे त्यांना फसवणूक वाटायला लागली.

"निखिलच्या नावावर दुसरं कार्ड काढा," ते म्हणाले. "आणिक तीन महिने लागतेन."

"लेकरू तीन महिने थांबतंय का?" दैवशाला म्हणाली. आवाज चढवून नाही, ताट वाढता वाढता.

"मंग दर उतरू दे. संक्रांतीनंतर उतरतेत."

मी म्हणालो, "दाजी, मी भरतो पैसे."

"मी काय मेलोय का?" ते उसळले. आणि मी गप्प बसलो. गप्प बसल्यावर माझ्या पोटात कुठेतरी बरं वाटलं, की वाचले माझे पैसे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दाजींची किळस करणाऱ्या माणसाला ती स्वतःची पण करावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

दैवशालाने तोवर डिंकाचे लाडू केले होते. कंपनीच्या ट्रॉली बॅगेत बाळाच्या दुपट्यांच्या घड्या, टोपडी, बाळंतशोपा भरून ठेवल्या होत्या. बॅग दाराशी उभी होती. येता-जाता ती तिचं चाक पुसायची.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, दुपारी, निखिलचा कॉल आला. अर्पिताला दोन-अडीच आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि मुलगी झाली होती. मी त्या दिवशी रजा काढून तिथेच होतो. पडद्यावर अर्पिता दिसली, चेहरा पांढराफटक. शेजारी तिची पंजाबी घरमालकीण होती, एक म्हातारीशी बाई. तिनेच रात्रभर अर्पिताचा हात धरला होता. ती बाई बाळाला फोनसमोर धरून काहीतरी गोड बोलत होती आणि माझी बहीण पदर तोंडाला लावून बघत होती.

दाजी पुढे वाकले. "नॉर्मल झालं ना?" त्यांनी विचारलं.

"हो पप्पा."

"मंग झालं. तिकिटाचा खर्चा वाचलाच की."

अर्पिताने फोन बंद केला की तो बंद पडला, मला माहीत नाही. एवढा घाणेरडा शब्द मी आयुष्यात ऐकलेला नाही, आणि त्यात शिवी एकही नव्हती. दाजी उठून दुकानात गेले. जाताना बाजारच्या दिवशी पेढे घेतले तर स्वस्त पडतील, असं म्हणाले.

दैवशाला आत गेली आणि जुना पासपोर्ट घेऊन आली. नवा आला तेव्हा कोपरा कापून परत दिलेला. थायलंडच्या वेळी काढला होता तो. ती एकेक पान उलटत गेली. सगळी पानं कोरी होती.

आता ते सांगतो. थायलंडची सहल दुकानदार आणि त्याच्या बायकोची होती. तिने त्यासाठी पासपोर्ट काढला, अंबडहून दोन पंजाबी ड्रेस शिवून आणले, विमानात कान दुखतात म्हणून कापूस घेऊन ठेवला. ऐन वेळी दाजींनी तिला सांगितलं, कंपनीनं बायकांच्या जागा रद्द केल्या, आता गडीमाणसंच चाललीत. आमच्यासाठी तिने चिवडा करून दिला. मी ऑफिसात आजारपणाची रजा टाकून गेलो आणि पाच दिवस तो चिवडा खाल्ला.

"हरिओम," ती म्हणाली, "तू लिहिण्या-वाचण्यातला हायेस म्हणून इचारते. त्या टायमाला कंपनीनं बायकांचं खरंच रद्द केल्तं का?"

दाजींचं अक्षर वाईट आहे. कंपनीचा फॉर्म त्यांनी माझ्याकडून भरून घेतला होता. आधी दुसऱ्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात 'दैवशाला' असं तिचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, बाईमाणूस घिऊन काय मजा, तू चल. मी तीच ओळ पट्टी लावून खोडली होती आणि वर माझं नाव लिहिलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "तुझं नाव मीच खोडलं."

तिने मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. मग तिने जगमधून माझ्यासाठी पाणी ओतलं, पेला माझ्यासमोर ठेवला आणि बॅगेतून लाडूंचा डबा काढायला गेली.