गरम गाडी बंद करू नका

आमची व्हॅन सकाळी नांदेडात पहिल्याच सेल्फला चालू व्हायची. थंडीत, धुक्यात, कधीही. त्रास पुढं होता. अहमदपूर-चाकूरपर्यंत पळून इंजिन तापलं, कुठं गाडी उभी केली, बंद केली आणि थोड्या वेळानं परत सेल्फ मारला, की इंजिन नुसतं फिरत राहायचं. पेटायचं नाही. पार गार होऊ दिली की पुन्हा शहाण्यासारखी चालू.

मी आणि माझी नणंद लग्नाकार्यात भाकरी करून देण्याचं काम करतो. सात-आठ बायका, ज्वारीचं पीठ, पराती, तवे, पाण्याचे जार, सगळं घेऊन जावं लागतं. हल्ली जेवणावळीत गरम भाकरी आणि ठेचा मांडला की लोक तिथंच रांग लावतात, त्यामुळं लातूर, निलंगा, देगलूर, कुठूनही बोलावणं येतं. आधी आम्ही भाड्याच्या जीपनं जायचो. जीपवाल्याला कायम घाई. शेवटची भाकरी तव्यावर असताना तो हॉर्न वाजवत बसायचा. मग आम्ही दोघींनी मिळून ही जुनी डिझेल व्हॅन घेतली. मी चालवायला शिकले, लायसन काढलं. नणंदेला शिक म्हटलं तर म्हणाली, "वैनी, तू चालव. मी शेजारी बसून तुला जागी ठेवते."

गाडीनं पहिल्यांदा तोंडघशी पाडलं ते लातुरात, एका मंगल कार्यालयाच्या फाटकात. जेवणं उरकली होती, आम्ही भांडी भरून निघालो होतो. समोरून पाव्हण्यांची मोटार आत येत होती म्हणून मी गाडी थांबवली आणि घाईत ती बंद पडली. मग काही केल्या चालू होईना. फाटक अडलं. बायका खाली उतरल्या, पदर खोचले आणि धक्का द्यायला लागल्या. दोन-तीन पोरं मोबाइल काढून शूटिंग घेत होती. धक्क्यानं गाडी चालू झाली, पण तोवर तिथला व्यवस्थापक माझ्या खिडकीपाशी आला होता.

"ताई, गाडीवर एखादा माणूस ठेवा," तो म्हणाला. "डिझेल गाडी बाईच्या हाताला ऐकत न्हाई."

"सकाळी ह्याच हातानं चालू झाली हाय," मी म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. पण पुढच्या टायमाला ड्रायव्हर आणला तरच गाडी आत घीन."

मी क्लच सोडला आणि निघाले.

लातूरच्याच एका गॅरेजवाल्यानं आधी बॅटरी बदलायला लावली. फरक पडला नाही. मग म्हणाला, हीटर प्लग गेलेत. ते बदलले. फरक पडला नाही. मग म्हणाला, सेल्फच बदलावा लागंल. तेव्हा मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि विचारलं, "हीटर प्लग कशाला असतो?"

"गार इंजिन चालू व्हावं म्हणून."

"माझी गाडी गार असताना चालू होते का?"

"होती की."

"मग तुम्ही हीटर का बदलले?"

त्यानं पान्हा पुसून खाली ठेवला. म्हणाला, "ताई, जुन्या डिझेल गाड्यांचं असंच असतंय. गरम असताना बंदच करू नका. उभी राहिली तरी चालू ठेवा."

एक अख्खा हंगाम आम्ही तेच केलं. मांडवामागं भाकऱ्या होईपर्यंत गाडी चालू ठेवायची. धूर चुलीकडं यायचा, पीठ मळणाऱ्या बायका खोकायच्या, मांडवातून कुणीतरी येऊन ओरडून जायचं. एकदा निलंग्याच्या रस्त्याला पंपावर डिझेल भरायला थांबलो, तर पंपावरचा माणूस इंजिन बंद केल्याशिवाय डिझेल घालीना. त्याचं बरोबरच होतं. बंद केली, मग या वेळी धक्क्यानंही पेटली नाही आणि ऊन उतरेपर्यंत पंपाच्या भिंतीला टेकून बसलो. त्या दिवशी कार्यात आमच्या भाकऱ्या पोचल्याच नाहीत. आचाऱ्यानं पुऱ्या तळल्या.

घरी दिरानं विषय काढला. "वैनी, विकून टाका. माझ्या वळखीचं गिऱ्हाईक हाय. गार असताना दाखवू, त्याला काय कळतंय."

"म्हणजे माझं दुखणं त्याच्या गळ्यात बांधू?"

"धंदा असाच असतोय."

"माझा नसतोय," मी म्हणाले. "आणि गाडी विकायची नाही. तिला काय झालंय ते मला कळलं पाहिजे. मग काय करायचं ते मी ठरवीन."

खरं सांगायचं तर मला तोवर गाडीतलं काहीच कळत नव्हतं. पण चूल कळत होती. भाकरी फुगली नाही तर आपण एकदम चूल, तवा, पीठ सगळं बदलत नाही. आधी बघतो, जाळ कमी आहे का, पीठ शिळं आहे का. गाडीचंही तसंच एकेक करून बघायचं ठरवलं.

नणंदेनं मोबाइलवर सेल्फचा आवाज भरून घेतला. एक सकाळी गार असताना, एक चाकूरला तापलेली असताना. दोन्ही एकामागं एक लावून ऐकले. इंजिन दोन्ही वेळेला सारख्याच जोरानं फिरत होतं. म्हणजे सेल्फ थकत नव्हता, बॅटरीही बरी होती. मग मला वाटलं, डिझेल पुढं येत नसेल, फिल्टर तुंबला असेल. मोठ्या ऐटीत फिल्टर बदलून घेतला आणि त्याच आठवड्यात देगलूरला पुन्हा तोंडावर पडले. नणंद म्हणाली, "आता तूबी त्या गॅरेजवाल्यासारखंच करून राहिलीस." तिचं खरं होतं. मी अंदाजानं सामान बदललं होतं.

त्यानंतर एका दुपारी चाकूरजवळ चहाला थांबलो आणि गाडी अडकली. मी पुढची सीट उचलली. आमच्या व्हॅनचं इंजिन सीटखालीच आहे. हात धरवत नव्हता इतकी धग. मनात आलं, गार असताना चालू होते, तर हिला गार करून बघू. भाकऱ्या झाकायची दोन मोठी धडपी होती, ती पाण्याच्या जारात बुचकळून पिळली आणि डिझेलचे पाइप जातात त्या भागावर पसरली. वायरींपासून लांब ठेवली. वाफ निघाली. बायका चहाचे कप हातात धरून बघत होत्या. धडपी दोनदा बदलली आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

नणंदेनं माझ्या दंडाला चिमटा काढला, एवढंच. पण मला काहीतरी सापडलं होतं. इंजिन पूर्ण गार झालं नव्हतं. फक्त डिझेलचा भाग गार झाला होता आणि तेवढ्यानं काम झालं होतं.

नांदेडला जुन्या मोंढ्याच्या बाजूला डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, ताईला ते बाजी म्हणतात. त्यांच्याकडं गेले. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला आणि म्हणाले, "बाजी, काईच दोष दिसत नै."

"चाचा, आत्ता गार हाय. तापवून आणते, मग लावा."

"गरज नै."

"मला हाय."

मी अर्धापूरपर्यंत जाऊन आले. केळीच्या ट्रकांमागं रांगत गेले म्हणून इंजिन चांगलंच तापलं. दुकानासमोर गाडी बंद केली, वाट बघितली, मग चाचांनी पुन्हा यंत्र लावलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. पडद्यावरचा आकडा वर चढायला बघत होता आणि मध्येच रखडत होता.

"हां," चाचा म्हणाले. "डिझेलचा दाब बनत नै. तेवढा दाब आल्याबिगर इंजिन पेटत नै. पंप गेला तुमचा."

"दाब फक्त पंपामुळंच कमी होतो का?"

"पंप कमी देतो, नै तर नोझल गळून डिझेल परत टाकीत सोडतो. तापल्यावर डिझेल पातळ होतं, तवा जास्त गळतं. पण बहुतेक पंपच असतो."

"बहुतेक नको, चाचा. बहुतेक ऐकून ऐकून माझी अर्धी गाडी बदलली. आधी कोण गळतं ते दाखवा, मग खोला."

चाचांच्या टेबलावर कामाचा ढीग होता. वाटलं, आता जा म्हणतील. पण ते उठले, आतून चार प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्या आणल्या आणि प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावली. मी सेल्फ मारत राहिले. नणंद बाटल्यांकडं बघत होती.

"वैनी," ती म्हणाली, "तीन बाटल्यांत तळाला थेंब हायेत. एक भरत आली."

मी उतरून बघितलं. खरंच तसं होतं. तिसऱ्या नोझलची बाटली पिवळ्या डिझेलनं गळ्यापर्यंत आली होती. पंप बिचारा देत होता आणि हे एकटं नोझल सगळं परत सोडून देत होतं.

चाचा हसले. "पंप खोलला असता तर दोन दिस फुकट गेले असते," ते म्हणाले आणि पान्हा उचलला.

नोझल बदललं. मी पुन्हा अर्धापूरला जाऊन आले, दुकानासमोर गाडी बंद केली. चाचांनी चहा मागवला. चहा मुद्दाम सावकाश प्यायले. मग किल्ली फिरवली. गाडी सकाळसारखी चालू झाली. बंद केली, परत चालू केली, परत बंद केली. चाचा म्हणाले, "बस करा बाजी, आता सेल्फ घालवाल."

दिराला सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही म्हण. तो म्हणाला, पुन्हा बिघडली तर? मी म्हणाले, पुन्हा बघीन.

लातूरच्या त्या कार्यालयातून पुढं बोलावणं आलं. फोनवर व्यवस्थापकानं पहिली अट तीच घातली, ड्रायव्हर माणूस पाहिजे. मी सांगितलं, गाडी मीच चालवते. मी आले तर भाकरी येईल, नाहीतर दुसरी टोळी बघा. त्यानं दुसरी टोळी बघितली. ते काम हातातून गेलं ते कायमचं. बायकांपैकी एकजण कुरकुरली, उगं ताठा केला म्हणाली. तिचंही पोट त्याच कामावर आहे, मी तिला काही उलटून बोलले नाही. पण पुन्हा तसा फोन आला असता तर उत्तर तेच दिलं असतं.

परवा निलंग्याहून परत येताना नणंदेला रस्त्याकडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं. ऊन रणरणत होतं. तिनं नुसतं बोट दाखवलं. मी गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवून बंद केली आणि आम्ही सगळ्याजणी खाली उतरलो.