कुकरला डाउन पेमेंट

अमेरिकेतल्या घरकर्जांचं संकट संपून वर्षं लोटली, हे शारजातल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भावजींना अजून कोणी सांगितलेलं नाही. दुबईच्या एका बँकेत घरकर्जांचे अर्ज नियमात बसतात का, हे तपासणं ही त्यांची नोकरी. घरी आल्यावर ते उरलेलं जग तपासतात. "सरकार म्हणालं, प्रत्येकाला घर पाहिजे. छान! पण फेडणार कोण, हे ज्यांनी विचारायचं तेच डुलक्या काढत होते, वहिनी," हे वाक्य मी लिफ्टमध्ये, रोल्ला बाजारातल्या भाजीवाल्यासमोर आणि एकदा तर सत्यनारायणाच्या आरतीत ऐकलंय. पाहुणे यायचे म्हणून त्यांचा मोठा कुकर मागायला गेले, तर म्हणाले, "इथे घर घेणाऱ्याला आधी स्वतःचा वाटा भरावा लागतो. वाटीभर वरण आणा आधी." मी म्हटलं, "अहो, कुकरच नाही तर वरण कुठून आणू?" "हेच! हेच अमेरिकेत कोणी विचारलं नाही!" ते खूश झाले. कुकर दिला, पण शिट्टी तारण म्हणून ठेवून घेतली. मी पाहुण्यांना इडल्या केल्या. त्यांना शिट्टी लागत नाही.

पत्नी लवकर गेल्यावर भावजींनी मुलीला एकट्याने वाढवलं. ती इथून दीड-दोन तासांवरच्या अल ऐनच्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. तिने लग्नाचं ठरवून एका मुलाला घरी आणलं, तेव्हा भावजींनी मला त्रयस्थ म्हणून बोलावून घेतलं. मुलगा मूळचा चिपळूणचा, पण वाढला शारजात.

"नोकरी टिकेल?" भावजींनी विचारलं.

"इन्शाल्ला, काका."

"हिला सांभाळशील?"

"इन्शाल्ला!"

इथे वाढलेली मुलं 'हो'च्या जागी हेच म्हणतात, 'देवाची इच्छा असेल तर'. आमचा चिरंजीव जेवायला हाक मारली तरी हेच म्हणतो. पण पुढे हप्ते बुडवणारा प्रत्येक जण आधी भावजींच्या टेबलासमोर हाच शब्द बोललेला.

"नामंजूर," ते म्हणाले.

मुलगी उसळली. "बाबा, ही इज नॉट अ होम लोन!"

"म्हणूनच म्हणतो. कर्ज बुडालं तर बँक घर ताब्यात घेते. तू बुडालीस तर मी काय ताब्यात घेऊ?"

तिचे डोळे भरले. मी चहाचं निमित्त काढून उठणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मग तुम्हीच लक्ष ठेवा ना, काका. दर शनिवारी अल ऐनला या. काही चुकलं तर मला झापा."

भावजींनी चष्मा पुसला. "कायमची देखरेख? मग हरकत नाही. खलास, विषय संपला, मंजूर!"

लग्न झालं. तेव्हापासून ते दर शनिवारी गाडी काढून तपासणीला जातात. नळ गळतो का, फ्रीजमध्ये दूध आहे का, दोघं एकमेकांशी नीट बोलतात का, सगळं बघतात. परवा परतले तेव्हा मी दारातच विचारलं, "काय भावजी, सापडलं का काही?"

"काहीच नाही हो, वहिनी. सगळं अगदी व्यवस्थित आहे," ते म्हणाले, आणि चावी कुलपात घालूनही ती न फिरवता तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, "पानं घेतलीच आहेत. इकडेच या."

ते आले. आमच्या मुलाशेजारची खुर्ची ओढून बसले, आणि वाढलेलं सगळं जेवले.